टोळीचे मजूर : सोय कोणाची, जबाबदारी कोणाची?

ऑक्टोबर-छाटणीचा हंगाम तोंडावर आला म्हणजे निफाड तालुक्यांतील द्राक्ष-बागाईतदारास खतापाण्याच्या चिंतेपेक्षांहि एक चिंता अधिक छळूं लागते : यंदा टोळी वेळेवर मिळेल काय? सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ मुलखांतील मंडळी भात, नागली व वरई यांच्या कामांतून मोकळीक मिळेल तशी खालीं उतरतात, आणि मुकादमाच्या हाताखालीं दहादहा-वीसवीस माणसांच्या टोळ्या करून छाटणीपासून काढणीपर्यंतचीं कामें उरकतात. आपल्या तालुक्याची द्राक्षबागाईत आज या टोळ्यांच्या हातांवर उभी आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तरीहि या मजुरांचा खरा धनी कोण, त्यांच्या मजुरीचा हिशेब कोणीं द्यावयाचा, आणि काम अडलें किंवा अपघात झाला तर तो भार कोणीं उचलावयाचा, या प्रश्नांचा विचार आपण शेतकऱ्यांनीं एकत्र बसून फारसा केलेला नाहीं. तो व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

टोळीची गरज कां पडते?

पूर्वीं बागाईतदाराच्या घरीं सालदार असे. कोठें पाडव्यास, कोठें अखजीस त्याचें साल ठरे. धान्य, कपडालत्ता व रोख रक्कम मुक्रर होई. आणि काम असो वा नसो, त्याच्या पोटाची काळजी धन्यानें वाहावयाची हें उभयतांस ठाऊक असे. त्या पद्धतींत दोष नव्हते असें नाहीं. पुष्कळ सालदारांचीं सालांमागून सालें जुनें कर्ज फेडण्यांतच गेलीं. परंतु जबाबदारी कोणाची, याविषयीं तेथें संदेह नव्हता.

द्राक्षपिकानें हा सारा हिशेब बदलून टाकला. छाटणी झाली कीं डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट एकदोन दिवसांतच लावावी लागते. पुढें फेलफुटी काढणें, घडांची विरळणी करणें, जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणांत घड बुडविणें, यांपैकीं प्रत्येक क्रिया वेलीच्या ठराविक अवस्थेंतच झाली पाहिजे. दोन दिवसांचा उशीर झाला तर वर्षाची मेहनत फुकट जाते. ज्या एकरास आज बारा माणसें लागतात, त्यालाच पुढील आठवड्यांत दोन माणसें पुरतात. उन्हाळ कांद्याची लागण व काढणी यांचीहि तीच कथा आहे. तेव्हां टोळ्या बंद कराव्या आणि सर्व मजूर बारमाही ठेवावे, हा सल्ला ज्यानें कधीं बाग पाहिली नाहीं त्यानेंच द्यावा.

मजुराच्या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे. डोंगरउतारावर त्याचा स्वतःचा जमिनीचा तुकडा असतो, गुरें असतात, घरीं म्हातारीं माणसें असतात. त्याला बारमाही चाकरी नको असते. कांहीं आठवडे रोख पैसा मिळावा आणि पेरणीला घरीं परततां यावें, हेंच त्याला सोयीचें पडतें. म्हणून काम थोड्या दिवसांचें असणें हा अन्याय नव्हे. ती उभयपक्षीं सोय आहे. परंतु प्रत्येक सोयीची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. ती किंमत सध्यां कोण देतो, हें पाहिल्यावांचून न्यायान्यायाचा निकाल लागावयाचा नाहीं.

किंमत कोणाच्या पदरांत पडते?

उदाहरणादाखल एक हिशेब मांडूं. समजा, १२ माणसांच्या टोळीनें एका एकराची विरळणी १२,००० रुपयांस उक्ती घेतली. काम दोन दिवसांत झालें, म्हणजे २४ रोज भरले. गाडीभाड्याचे १,२०० व मुकादमाचे १,२०० वजा केले तर ९,६०० रुपये उरतात आणि प्रत्येक रोजास ४०० रुपये पडतात. आतां समजा, पहिल्या दिवसानंतर पाऊस आला व टोळी दोन दिवस बसून राहिली. बागाईतदाराचा खर्च तेवढाच, १२,००० रुपये. मुकादमाची कपात तीच, गाडीवाल्याचें भाडेंहि तेंच. मजूर मात्र गांव सोडून चार दिवस राहिला, आणि त्याला दिवसामागें २०० रुपयेच मिळाले. त्यांतूनच त्यानें चार दिवसांचें पीठमीठ विकत घ्यावयाचें. पाऊस सर्वांवर सारखाच पडला, परंतु त्याची झळ एकट्या मजुरास लागली.

ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट मुकादमाच्या वहीची. बागाईतदार मुकादमाशीं बोलतो, दर त्याच्याशीं ठरवितो आणि पैसेहि त्याच्याच हातीं देतो. त्यांतील किती रक्कम माणसामागें पडली, गाडीभाड्याच्या नांवाखालीं किती कापली गेली, बाईला गड्यापेक्षां कमी दिलें काय, हें त्याला कळत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर कळून घेण्याची इच्छाहि क्वचितच असते. सर्वच मुकादम लुच्चे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. टोळी जमविणें, रात्रींबेरात्रीं गाडी मिळविणें, भांडणें मिटविणें, आजारी माणसास दवाखान्यांत पोंचविणें, हीं खरीं कामें आहेत व त्यांचा मोबदला त्यास मिळालाच पाहिजे. परंतु जो हिशेब कोणी पाहत नाहीं, तो फार दिवस सरळ राहत नाहीं, हा सोसायटीपासून बाजारापर्यंतचा आपला सर्वांचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. सायनामाइडची पेस्ट कातडीस व डोळ्यांस अपाय करणारी आहे. ती हाताळल्यावर मद्य पोटांत गेलें तर प्रकृति एकाएकीं बिघडते. टोळीची गाडी पहाटे घाटांतून उतरते व अंधार पडल्यावर परतते. तींत माणसें दाटीवाटीनें उभीं असतात. मुक्कामी टोळ्यांची स्थिति आणखी निराळी आहे. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, हें हिंवाळ्यांत वर्तमानपत्रें छापीत असतात. अशा रात्रीं आपण बागेंत शेकोट्या पेटवून घड वांचवितों, तें योग्यच आहे. परंतु त्याच रात्रीं बागेच्या कडेला ताडपत्रीखालीं कोणाचीं मुलें निजलेलीं असतात. त्यांपैकीं कोणी आजारी पडलें, किंवा कोणास इजा झाली, तर बागाईतदार म्हणतो, "माणसें मुकादमाचीं"; आणि मुकादम म्हणतो, "काम मालकाचें." दोघांच्या मधून जबाबदारी निसटून जाते व मजूर उघडा पडतो.

येथें आपल्याच एका दुखण्याची आठवण द्यावीशी वाटते. द्राक्षें भरून नेणारा व्यापारी पैसे न देतां पसार झाल्याचीं उदाहरणें आपल्या जिल्ह्यांत थोडीं नाहींत. दलालाकडे गेलें तर तो व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, व्यापारी परमुलखांत असतो, आणि शेतकरी दारोदार हिंडतो. त्या वेळीं आपण म्हणतों कीं, ज्यानें माल घेतला व ज्यानें मधें पडून व्यवहार जुळविला, त्या दोघांनींहि बांधील राहिलें पाहिजे. हेंच आपलें म्हणणें टोळीचा मजूर आपल्याविषयीं करूं शकतो. त्यानें आपला माल, म्हणजे आपले श्रम, आपल्या बागेंत उतरविलेले असतात.

ऊंसतोडीचा धडा

टोळी, मुकादम व उचल या तिन्हींचा सर्वांत जुना अनुभव आपल्याकडे ऊंसतोडीचा आहे. रानवड व पिंपळस येथें सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेव्हांपासून कोयतेकरी मंडळींचे तळ या तालुक्यानें पाहिले आहेत. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधीं मुकादम त्यांस उचल देतो आणि ती हंगामभर तोडणींतून फिटावयाची असते. उचल ही मूळची वाईट गोष्ट नव्हे. पावसाळ्याच्या शेवटीं घरांत दाणा नसतो, तेव्हां तीच उपयोगीं पडते. परंतु पाऊस, आजार किंवा गाळपाचा खोळंबा यांमुळें तोडणी कमी झाली कीं बाकी राहते, ती पुढील हंगामावर चढते, आणि मजूर पुढच्या वर्षीं कोठें जावयाचें हें ठरविण्यास मोकळा राहत नाहीं. वेठबिगारीची पद्धत बंद करणारा कायदा देशांत १९७६ सालीं झाला. आगाऊ रक्कम देणें हा त्या कायद्यानें गुन्हा नाहीं. परंतु त्या रकमेच्या जोरावर माणसास अडकवून ठेवणें, दुसरीकडे काम करूं न देणें, हा गुन्हा आहे व तसलें कर्ज कायद्यानें रद्द ठरतें. ही रेषा प्रत्येक बागाईतदारानें नीट ध्यानांत ठेवावी, कारण अलीकडे द्राक्षांच्या टोळ्यांसहि उचल देण्याची चढाओढ सुरू झाली आहे.

ऊंसतोडीपासून दुसरेंहि शिकण्यासारखें आहे. तेथें मजुरांच्या संघटना व साखर संघ यांनीं एकत्र बसून सबंध राज्याचा दर ठरविण्याची प्रथा आहे. जानेवारी २०२४ मध्यें अशाच वाटाघाटींत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढविण्याचें व मुकादमाचें कमिशन २० टक्के करण्याचें ठरलें. दर पुरेसा आहे कीं नाहीं, याविषयीं मतभेद असूं शकतील. परंतु मजुरी किती व मुकादमाचा हिस्सा किती हें तेथें निरनिराळें ठरतें व जगजाहीर होतें. शिवाय गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें ऊंसतोड कामगारांसाठीं जें कल्याण महामंडळ स्थापन झालें, त्याच्या निधीसाठीं गाळलेल्या उंसाच्या दर टनामागें कारखान्यानें १० रुपये व तितकेच शासनानें द्यावे, असें ठरविण्यांत आलें. मजुराचा धनी दर हंगामास बदलतो, म्हणून कल्याणाचा पैसा धन्याच्या मर्जीवर न ठेवतां मालाच्या वजनावर बसविला, हें यांतील मर्म आहे.

लासलगांवच्या ओट्यावर

याहून जुनें व अधिक पुढें गेलेलें उदाहरण आपल्या लासलगांवच्या बाजारांतच आहे. माथाडी कामगाराचा धनी तर तासातासाला बदलतो. सकाळीं एका आडतीवर, दुपारीं दुसऱ्या. अशा माणसास भविष्यनिर्वाह निधि, रजा किंवा बोनस मिळणें शक्यच नाहीं, असें पूर्वीं सर्व जण म्हणत. अण्णासाहेब पाटील यांनीं मुंबईच्या बाजारांतील माथाडी कामगारांची संघटना बांधली आणि त्या चळवळींतून १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची रचना साधी आहे. कामगार, मालक व शासन या तिघांच्या प्रतिनिधींचें एक मंडळ असतें. मालक व कामगार दोघांचीहि तेथें नोंदणी होते. मालक मजुरी मंडळाकडे भरतो, आणि तिच्यावर ठराविक टक्क्यांनीं लेव्ही भरतो. मंडळ मजुरी वांटतें व लेव्हींतून निधि, रजा, बोनस इत्यादि देतें. काम घटकेचें राहिलें, परंतु कामगाराचा हिशेब अखंड झाला.

या व्यवस्थेंतहि भांडणें झालींच. एप्रिल २०२४ मध्यें लेव्हीच्या वादावरून आणि हमाली-तोलाईची कपात शेतकऱ्याच्या पट्टींतून करावी कीं करूं नये या प्रश्नावरून नाशिक जिल्ह्यांतील कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. त्यांत ना व्यापाऱ्याचा माल सडला, ना मंडळाचा. घरीं कांदा घेऊन बसलेला शेतकरी अडचणींत आला. तेव्हां माथाडी कायद्यापासून घ्यावयाचे बोध दोन आहेत. पहिला हा कीं, तात्पुरत्या कामालाहि कायमची सुरक्षितता जोडतां येते. दुसरा हा कीं, बोजा कोणीं सोसावयाचा हें आधींच स्पष्ट ठरलें नाहीं, तर चांगला कायदासुद्धां भलत्याच्याच मुळावर येतो.

परदेशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असें नाहीं. इंग्लंडच्या पूर्वभागांत एकोणिसाव्या शतकांत बायका-मुलांच्या टोळ्या शेतोशेत फिरविणारे मुकादम असत. त्यांच्या छळाच्या चौकशीनंतर १८६७ सालीं तेथें कायदा होऊन मुकादमास परवाना आवश्यक झाला व आठ वर्षांखालील मुलांस टोळींत घेण्यास मनाई झाली. पुढें शतकाहून अधिक काळ लोटला, आणि फेब्रुवारी २००४ मध्यें त्याच देशाच्या मोरकॅम्ब उपसागरांत शिंपल्या वेंचणारे वीसांहून अधिक चिनी मजूर रात्रींच्या भरतींत बुडून मेले. त्यांस तेथें नेणारा एक टोळीवालाच होता. त्याच वर्षीं शेतकी व मासेमारींतील मुकादमांस परवाना सक्तीचा करणारा नवा कायदा झाला. त्यांतील एक कलम आपण लक्षांत घेण्यासारखें आहे : परवाना नसलेल्या मुकादमाकडून मजूर घेणारा शेतकरीहि गुन्हेगार ठरतो. या तरतुदीमुळें प्रामाणिक शेतकऱ्याचें हितच झालें; कारण शेजारी लुबाडलेल्या मजुरांकडून स्वस्तांत काम उरकून घेतो आणि आपण मात्र पुरी मजुरी देऊन बाजारांत मार खातों, ही त्याची तक्रार दूर होण्यास वाट झाली.

युरोपीय संघानें २००८ सालीं असा नियम केला कीं, एजन्सीमार्फत आलेल्या मजुरास, तो त्याच कामावर थेट नेमला गेला असता तर जें वेतन व जे कामाचे तास मिळाले असते, तेच मिळाले पाहिजेत. इंग्लंडनें २०११ पासून हा समानतेचा हक्क एका जागीं १२ आठवडे काम झाल्यावर लागू केला. आपल्याकडे या मुदतीचा कांहीं उपयोग नाहीं. आपल्या बागेंत टोळी १२ दिवससुद्धां एके ठिकाणीं राहत नाहीं. म्हणून गांवच्या मजुरास जो रोज, तोच टोळीच्या मजुरास, व तो पहिल्या दिवसापासून, हाच नियम आपल्यास लागू पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारांत आणखी एक तत्त्व आहे. काम मिळवून देणाऱ्या खासगी मध्यस्थानें सामान्यतः मजुराकडून शुल्क घेऊं नये. हिंदुस्थानानें तो करार स्वीकारलेला नाहीं. परंतु तत्त्व रास्त आहे. मुकादम मजूर शोधून आपली अडचण भागवितो; मग त्याचा मेहनताना मजुराच्या पैशांतून कां कापला जावा?

आजचा कायदा

कंत्राटी मजुरांविषयीं १९७० सालीं केंद्राचा कायदा झाला. कंत्राटदारानें मजुरी दिली नाहीं तर ज्याच्या जागेवर काम झालें त्या मूळ मालकानें ती द्यावी, हें त्याचें मुख्य तत्त्व होय. आतां तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेंत विलीन झाला आहे व चारहि श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आल्या आहेत. मूळ मालकाच्या जबाबदारीचें तत्त्व नव्या संहितेंतहि कायम आहे. परंतु कंत्राटी मजुरांचा तो भाग ५० किंवा अधिक कंत्राटी मजूर असलेल्या ठिकाणींच लागू होतो. पांच एकरांच्या बागेंत येणारी टोळी त्यांत सांपडत नाहीं. किमान वेतन मात्र मजूर एक असो वा शंभर, द्यावेंच लागतें. शेतमजुरांच्या किमान वेतनाची तरतूद १९४८ पासूनच कायद्यांत होती आणि २०१९ च्या वेतनसंहितेनें तिला अधिक व्यापक केलें आहे. स्त्रीपुरुषांस सारख्या कामाबद्दल सारखें वेतन, हेंहि १९७६ पासून बंधनकारक आहे. सारांश, मजुरीच्या तळाशीं कायदा आहे. पण खाडा, मुकादमाची कपात, निवारा व अपघात या बाबतींत लहान बागाईतदार आणि टोळी यांच्यामध्यें कायद्याचा आधार तोकडा आहे. ती उणीव रिवाजानें व संघानेंच भरून काढली पाहिजे.

आपण काय करावें?

यासाठीं आम्ही पुढील सूचना सभासदांच्या विचारार्थ मांडतों.

१. टोळी ठरवितांना एक साधी चिठ्ठी लिहावी. तींत माणसांचीं नांवें, काम, एकराचा दर, मजुरांचा हिस्सा, मुकादमाचा मेहनताना, गाडीभाडें व पैसे देण्याचा दिवस हीं निरनिराळीं नमूद करावीं. मुकादमाचा मेहनताना व गाडीभाडें बागाईतदारानें मजुरीहून वेगळें द्यावें. मजुरी शक्य तों मजुराच्या खात्यावर भरावी. तें न जमल्यास सर्व टोळीसमक्ष वांटावी.

२. खाड्याचा नियम आधींच ठरवावा. औषध आणलें नाहीं, पाणी सोडलें गेलें, व्यापाऱ्यानें तोड पुढें ढकलली, अशा आपल्या बाजूच्या कारणानें टोळी बसून राहिली, तर पुरा रोज द्यावा. पावसामुळें काम अडलें, तर नुकसान वांटून घ्यावें. वरील उदाहरणांत माणसामागें दिवसाला १०० रुपये भत्ता ठरविला, तर १२ माणसांच्या टोळीस एका दिवसाचे १,२०० रुपये होतात. मजूर आपल्या कारणानें काम सोडून गेला, तर अर्थातच भत्ता नाहीं.

३. उचल द्यावयाची तर ती थोडी, लेखी व त्याच हंगामांत फिटण्याजोगी असावी. टोळीनेंहि दोघांकडून उचल घेऊं नये व अर्ध्यावर बाग टाकून जाऊं नये. विरळणी अर्धी टाकून टोळी दुसरीकडे गेली म्हणजे बागाईतदाराचें जें नुकसान होतें, तें भरून येत नाहीं. वचन दोन्हीं बाजूंनीं पाळलें गेलें पाहिजे. मात्र त्याची हमी चिठ्ठी व संघ यांनीं घ्यावी. कर्जाची दोरी त्यासाठीं वापरूं नये.

४. पेस्ट लावणारास रबरी हातमोजे, धुण्यास पाणी व साबण, आणि त्या दिवशीं मद्यपान करूं नये ही ताकीद, एवढें द्यावेंच. मुक्कामी टोळीस भिंतीचा आडोसा, पक्कें छप्पर, पिण्याचें पाणी, संडास व थंडीच्या दिवसांत सरपण मिळावें. युरोपांत द्राक्षें पाठविणारांस 'ग्लोबल गॅप'च्या जोडीला 'ग्रास्प'खालीं मजुरांच्या वागणुकीचीहि नोंद दाखवावी लागते. पण परदेशी गिऱ्हाइकानें विचारलें म्हणून हातमोजे द्यावयाचे आणि देशी बाजारासाठीं नाहीं, असा भेद करणें बरें दिसत नाहीं.

५. अपघाताचा विमा. खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति यांच्यासाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शासकीय योजना असून अपघाती मृत्यु झाल्यास वारसांस २ लाख रुपये मिळतात. त्याच बांधावर राबणारा भूमिहीन मजूर तींत येत नाहीं. परंतु प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत १८ ते ७० वर्षांच्या कोणाहि खातेदार माणसास वर्षाला २० रुपयांत २ लाखांचें अपघाती संरक्षण मिळतें. बारा माणसांच्या टोळीचे वर्षाचे २४० रुपये होतात. नेहमींच्या टोळीसाठीं ही रक्कम बागाईतदारास जड नाहीं. मुदत १ जून ते ३१ मे अशी असते, एवढें ध्यानांत ठेवावें.

६. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. आपल्या संघानें टोळ्यांची एक नोंदवही ठेवावी. सभासदांनीं छाटणीच्या तारखा आधीं कळवाव्या व त्या शक्य तितक्या मागेंपुढें वांटून घ्याव्या, म्हणजे एकाच आठवड्यांत सर्वांची ओढाताण होणार नाहीं. एका बागेंत काम अडलें तर टोळी त्याच दिवशीं दुसऱ्या बागेंत पाठवितां येईल, आणि पुष्कळसा खाडा मुळांतच टळेल. जो टळणार नाहीं, त्यासाठीं एकरामागें लहानशी वर्गणी काढावी. समजा, २०० एकरांवर एकरी ३०० रुपये जमविले, तर ६०,००० रुपये होतात. दिवसाला १,२०० रुपये भत्ता धरल्यास टोळ्यांचे ५० खाडे त्यांत भागतात. मजुरी बुडविणाऱ्या मुकादमाचें नांव नोंदवहींतून काढावें, आणि मजुरी थकविणाऱ्या सभासदाचेंहि काढावें.

यावर कोणी म्हणेल कीं, अवकाळी पावसानें व पडलेल्या भावानें आम्हीच मेटाकुटीस आलों आहों. हा नवा बोजा कशाला? ही तक्रार खोटी नाहीं. म्हणूनच एकट्यादुकट्यानें हें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. एकटा करूं गेला तर त्याचा खर्च वाढेल व शेजाऱ्याचा वांचेल. सर्वांनीं मिळून केलें तर बोजा सर्वांवर सारखा व थोडा पडेल, आणि त्याच्या बदल्यांत दर वर्षीं तीच, कसलेली, वेलीची ओळख असलेली टोळी परत येईल. ज्यांनीं चांगल्या टोळीचा हात पाहिला आहे, त्यांस विरळणींतील एका निपुण बोटाची किंमत सांगावयास नको.

आपल्यास मजूर थोड्या दिवसांसाठीं हवा आहे. तो थोड्याच दिवसांसाठीं येवो. परंतु जितके दिवस तो आपल्या बांधावर आहे, तितके दिवस त्याची पूर्ण मजुरी, त्याचा जीव व त्याचा हिशेब यांस आपण बांधील आहों, एवढें आपण मान्य करावें. येत्या छाटणीपूर्वीं सभासदांनीं आपापल्या गांवीं या सूचनांचा विचार करून, निदान चिठ्ठी व विमा या दोन बाबी तरी यंदापासून सुरू कराव्या, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.